आबांचं झाड कोण मारतं

"मॅडम, माणसाच्या राखेवर लावलेलं झाड का मरतं?"

प्रांजलनं हे माईकवर विचारलं आणि शाळेचा हॉल असा गप्प झाला, की मागच्या रांगेत कुणीतरी चोरून फोडलेल्या शेंगेचा आवाज पुढं स्टेजपर्यंत गेला. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. अक्षदानं ओढणीत तोंड लपवलं. स्वराज खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागला. त्याच्या पायात चपला होत्या.

पैज तिच्या वर्गातल्या ह्या दोघांचीच. शाळेत वृक्षारोपण होतं, तालुक्याहून शेतीखात्यातल्या मॅडम आल्या होत्या आणि शेवटी "कुणाला काही शंका?" असं विचारणार हे ठरलेलंच होतं. प्रांजल आठवडाभर ह्या एकाच प्रश्नानं दोघांचं डोकं खात होती. शेवटी अक्षदा वैतागून म्हणाली होती, आम्हाला काय विचारतेस, मॅडमना विचार, माईकवर, सगळ्यांसमोर. विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू.

मागच्या वर्षी ही पैज कुणी लावलीच नसती. आठवीपर्यंत प्रांजल हजेरीला "हजर" म्हणायची तेही बेंचला ऐकू जाईल इतकंच. पण सव्वीस जानेवारीला सूत्रसंचालन करणारी पोरगी तापानं फणफणली, बाईंनी समोर दिसेल तिच्या हातात माईक कोंबला आणि ती प्रांजल निघाली. पहिली दोन वाक्यं तिनं डोळे मिटून म्हटली. तिसऱ्याला तिला स्वतःचाच आवाज आवडला. तेव्हापासून तिच्या हातातून माईक काढून घेणं ही निमोण्याच्या शाळेपुढची एक अडचणच होऊन बसली होती.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. झाड कसलं, माती कसली, पाणी किती, असं त्यांनी उलट विचारलं. केशर आंबा, काळी माती, पाणी भरपूर, अशी उत्तरं प्रांजलनं फटाफट दिली. मग त्यांनी विचारलं, "मेलेलं रोप उपटून त्याची मुळं बघितली का?"

"नाही."

"का नाही?"

ह्याचं उत्तर प्रांजलकडं होतं, पण ते दोनशे पोरांसमोर सांगण्यासारखं नव्हतं. ते रोप म्हणजे आबा होते. आबांना उपटून कसं बघायचं?

मॅडम एवढंच म्हणाल्या, की मातीच्या वर सगळी मेलेली रोपं सारखीच दिसतात. कशानं मेलं ते खाली बघितल्याशिवाय त्यांनाही सांगता यायचं नाही. बघ आणि कळव.

*

ह्या भागात आता बरीच घरं राख नदीत सोडत नाहीत. सावडायच्या दिवशी राख शेतात आणतात, खड्डा घेतात, राख त्यात घालतात आणि वर झाड लावतात. माणूस गेला तरी बांधावर उभा राहतो, सावली देतो, असं सगळे म्हणतात आणि ते ऐकायला बरं वाटतं. प्रांजलचे आबा, मारुतराव, गेल्या भाद्रपदात गेले तेव्हा मालनबाईंनी, म्हणजे आज्जीनं, रडता रडता एकच गोष्ट सांगितली होती. थोडी राख घोडनदीत, थोडी इकडं, थोडी तिकडं, असं काही करायचं नाही. ह्यांना वाटून टाकायचं नाही. सगळी एका जागी.

म्हणून पाट्याच्या पाट्या भरून सगळी राख विहिरीजवळच्या एकाच खड्ड्यात गेली. दौंडहून नीलम आत्या केशर आंब्याचं रोप घेऊन आली. तिचे यजमान रेल्वेत, कॉलनीच्या वाटेवर एक नर्सरी आहे, तिथलं ते रोप. चांगलं कमरेएवढं, तांबूस पालवीचं. ते लावलं आणि मग पाणी सुरू झालं. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा आबांना तांब्याभर पाणी घालायचा. कारेगावच्या कंपनीतली ओळखीची माणसं आली, त्यांनी घातलं. भावकीनं घातलं. सोसायटीच्या चेअरमननं घातलं आणि फोटोही काढला. दिवाळी व्हायच्या आत रोपाच्या पानांच्या कडा करपल्या, मग पानं पिवळी पडली, मग गळाली. आज्जीनं ते रोप साडीच्या पदरात घेतलं आणि पप्पांनी गाडीवरून नेऊन नदीत सोडलं. मुळांना चिकटलेला मातीचा गोळा तसाच.

दुसरं रोप माघात लागलं, त्याच खड्ड्यात. ह्या खेपेला आज्जीचे गुडघे धरले होते, म्हणून रोज पाणी घालायचं काम प्रांजलच्या आईकडं, सविताकडं, आलं. उन्हाळ्यात आई दोन वेळा जायची. तरी ज्येष्ठात तेही गेलं.

पहिलं मेलं तेव्हा सगळे म्हणाले, रोपच हलकं असेल. दुसरं मेलं तेव्हा पिठाच्या गिरणीत रंगुबाई पाच-सहा बायकांत म्हणाली, "सविताचा हातगुणच न्हाई. सासऱ्याचं झाड ते, तेबी जगंना." गिरणीच्या आवाजात असं बोलणं मोठ्यानंच बोलावं लागतं, त्यामुळे ते सगळ्या गावाला ऐकू गेलं.

आज्जी आईला कधी काही बोलली नाही. तिनं फक्त एक दिवस आईच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि वाळलेल्या काटकीला स्वतः लंगडत जाऊन पाणी घालायला लागली. बोलली असती तर परवडलं असतं. त्यानंतर आईनं दारातली मोगऱ्याची कुंडी शेजारी देऊन टाकली. मागच्या बाजूचा मिरच्यांचा, कोथिंबिरीचा वाफा तसाच पडला, त्यात कोंबड्या लोळायला लागल्या. भाजी बाजारातून यायला लागली. पप्पांनी एकदा विचारलं तर आई म्हणाली, वेळ कुठं असतो. आईला वेळ असायचा. ती दुपारी दारात बसून गुडघ्यावर ठेवलेल्या आपल्या हातांकडं बघायची, हे प्रांजलनं तिच्या नकळत पाहिलं होतं.

आता पुढच्या भाद्रपदात वर्षश्राद्ध होतं. आत्या तिसरं रोप आणणार होती. तेही मेलं तर आई पुढं जन्मात मातीला हात लावणार नाही, हे प्रांजलला पक्कं ठाऊक होतं. पैज, दप्तर वगैरे ठीक आहे. खरी गोष्ट ही होती.

*

रविवारी ती आज्जीसमोर जाऊन बसली. आधी पप्पांना विचारून झालं होतं. पप्पांनी, म्हणजे गोकुळरावांनी, नेहमीप्रमाणे सांगितलं होतं की आज्जीला विचार, आणि ट्रॅक्टरच्या खाली शिरले होते.

आज्जी म्हणाली, न्हाई. मेलेल्याला उकरत न्हाईत.

प्रांजलनं तासभर जीभ झिजवली. शाळेतल्या मॅडम काय म्हणाल्या ते सांगितलं, ते वाया गेलं. शेवटी तिनं विचारलं, कांद्याचं रोप पिवळं पडलं की आबा काय करायचे? दोघींनाही माहीत होतं. आबा वाफ्यातलं एक रोप उपटायचे, झटकायचे, डोळ्याजवळ धरायचे, कधी नाकाजवळही. मग काय फवारायचं ते ठरायचं. उपटल्याशिवाय त्यांनी कधी दुकानाची पायरी चढली नाही.

शेवटी आज्जी उठली. म्हणाली, "कुदळ लावायची न्हाई. हातानं उकर. आन् मी हितं बसणार."

तर ती बसली, डोक्यावर पदर घेऊन, विहिरीच्या कठड्याला टेकून, आणि प्रांजल गुडघ्यांवर बसून हातानं माती काढायला लागली. कुदळ असती तर दोन घावांत काम झालं असतं आणि काहीच दिसलं नसतं. हातानं उकरताना सगळं दिसत होतं. वरची माती तेलकट चिखलासारखी, बोटांना चिकटणारी, आणि तिला नाल्यासारखा वास. रोज पाणी, रोज पाणी, आणि काळी माती ते धरून बसलेली. त्याखाली रोपाचा गोळा लागला. प्रांजलला वाटलं होतं मुळं चहूकडं पसरलेली असतील. पण नर्सरीतली पिशवी काढून इतके महिने झाले तरी तो गोळा अजून पिशवीच्याच आकाराचा होता. मुळं गोल गोल फिरून एकमेकांत गुंडाळलेली, बाईनं डोक्यावर हंडा ठेवायला केलेल्या चुंबळीसारखी.

आणि गोळ्याच्या खाली राख. पावसापाण्यानं दबून ती राखाडी पापुद्र्यासारखी घट्ट झाली होती. काही मुळं तिथपर्यंत गेली होती. ज्यांची टोकं राखेला लागली ती काळी पडून झिजली होती. एक मूळ तर राखेपाशी जाऊन चक्क वळून परत वर आलं होतं.

प्रांजल ते मूळ कितीतरी वेळ बघत राहिली. तिला तीन गोष्टी एकदम दिसत होत्या आणि त्यातली नेमकी कोणती खरी, ते कळत नव्हतं. बुडून मेलं, की गुंडाळून मेलं, की राखेनं मेलं? की तिन्हींनी मिळून? तिनं राखेचं एक ढेकूळ आणि थोडी माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून घेतली. आज्जीनं विचारलं, काय दिसलं? तिनं सांगितलं, अजून माहीत नाही. हे मात्र खरंच होतं.

*

संध्याकाळी ओट्यावर दोन वाट्या. एकीत बांधाकडची साधी माती, एकीत खड्ड्यातली राखमाती, दोन्हींत पाणी. वरचं नितळ पाणी बशीत घेऊन त्यात प्रांजलनं हळदीची चिमूट टाकली. हे विज्ञानाच्या बाईंनी सातवीतच दाखवलं होतं. साध्या मातीचं पाणी पिवळं राहिलं. राखेचं पाणी बघता बघता लालभडक झालं.

आई भाकरी थापता थापता वळून म्हणाली, "साबणानं होतं तसं. हळदीच्या साडीला साबण लावला की डाग लाल होतो बघ."

म्हणजे राख साबणासारखी. प्रांजलच्या डोक्यात आलं, साबणाच्या पाण्यात पाय सोडून कुणी वर्षभर उभं राहील का? पण हळद लाल होणं म्हणजे झाड मरणं नव्हे. आणि ह्यानं रंगुबाईचं तोंड बंद होणार नव्हतं. रंगुबाई म्हणाली असती, राख आहेच, पण हातगुणाचं काय? गंमत म्हणजे तो प्रश्न प्रांजलला बरोबर वाटला. हातगुण हाय का न्हाई, हे बघायचं कसं?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिघांचं डोकं चाललं. अक्षदाचं म्हणणं, आईच्या हातून चांगल्या मातीत काहीतरी पेरून बघ. स्वराजचं म्हणणं, नुसतं तेवढंच नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून पण पेरायला पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि ते दुसरं कुणी असं पाहिजे, की ज्याचा हातगुण सगळ्या गावाला मान्य आहे.

"मग आज्जीच," प्रांजल म्हणाली. मालनबाईंनी सुपारी पेरली तरी मेथी उगवेल, असं निमोण्यात बोलायचे.

चार कागदी कप. बुडाला भोकं. दोनांत शेतातली माती, दोनांत खड्ड्यातली. वरून सगळ्यांवर तिनं शेतातल्याच मातीचा पातळ थर दिला, म्हणजे कुणाला ओळखू येऊ नये. कपांच्या बुडाला नावं लिहिली, प्रत्येक मातीचा एक कप आज्जीचा, एक आईचा. आज्जीला सांगितलं, शाळेचं काम आहे, ह्या दोन कपांत मेथी पेर. आज्जीनं हसत पेरली आणि वर कपाला हात लावून नमस्कारही केला.

आईनं मात्र हात मागं घेतले. "मला नको सांगू गं. तुझं शाळेचं काम वाया जाईल."

"वाया गेलं तर जाऊ दे."

"प्राजू, नको म्हणते ना."

प्रांजल माईकवर काहीही बोलू शकायची, पण इथं बोलून उपयोग नव्हता. तिनं आईचा हात धरला, ओल्या पिठाचा, आणि त्यात मेथीचे दाणे ठेवले. आईनं ते कितीतरी वेळ मुठीत धरले. मग पटकन, चोरी केल्यासारखे, दोन कपांत टाकले आणि हात धुऊन आत निघून गेली.

स्वराजनं आपणहून पाचवा कप आणला. चांगली माती, पण बुडाला भोक नाही, आणि शाळेत जाता-येता जो भेटेल त्यानं त्यात पाणी ओतायचं. त्यानं त्या कपाला 'पाहुणे' असं नाव दिलं होतं. बाकीच्या चारांना प्रांजल औषधाच्या टोपणानं मोजून पाणी द्यायची, आणि शाळेतून आली की चपला फेकून आधी खिडकीत डोकवायची. दप्तर पैजेप्रमाणं मागून अक्षदाच घेऊन यायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी दोन कप हिरवे झाले. पाहुण्यांचा कपही उगवला, पण आठवड्यानं त्याची रोपं पिवळी पडून माना टाकून आडवी झाली, आणि त्याला तोच नाल्याचा वास आला. उरलेल्या दोन कपांत काही नाही. एकात दोन कोंब डोकं काढून करपून गेले, तेवढंच.

*

तिनं कप उंबऱ्यावर मांडले आणि आज्जीला बोलावलं. आई दाराआड होती. आधी हिरवे दोन तिरपे करून बुडाची नावं दाखवली. एकावर 'आज्जी', दुसऱ्यावर 'आई'. दोन्ही मेथ्या सारख्याच दाट, सारख्याच उंच. आज्जीनं मान डोलावली. मग दुसरे दोन.

"ही कुणाची मेली?"

"एक आईची. एक तुझी."

आज्जीनं आपला कप हातात घेतला. तिच्या हातानं पेरलेलं काही उगवलं नाही असं बहुतेक पहिल्यांदाच झालं असावं. तिनं मातीत बोट घातलं, थर बाजूला केला आणि खालची राखाडी माती बघितली. ती माती कुठली, हे तिला सांगावं लागलं नाही.

प्रांजलला वाटलं होतं, आता आज्जी आईला हाक मारेल. तिनं मनात ते सगळं रंगवूनही ठेवलं होतं. पण आज्जीचा चेहरा उतरत गेला आणि ती हळूच म्हणाली, "म्हंजी ह्येच मारत्यात व्हय झाड?"

हे प्रांजलच्या ध्यानातच आलं नव्हतं. आईला सोडवता सोडवता तिनं आबांना पकडून दिलं होतं. आज्जी कप खाली ठेवून उठली, आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही. नव्या आवाजाची प्रांजल एका झटक्यात आठवीतली होऊन माजघरात बसून राहिली. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, राहू दे आता. झालं एवढं पुष्कळ झालं.

पण राहू दे म्हटलं म्हणून प्रश्न राहतो थोडाच? उलट आता तो जास्तच टोचायला लागला. कारण त्यात एक गोष्ट जुळत नव्हती. आज्जी स्वतः चुलीची राख दुधी-दोडक्याच्या वेलांवर भुरभुरायची. वेल मरायचे नाहीत, उलट माजायचे. मग तीच राख तिकडं औषध आणि इकडं विष, असं कसं?

शाळेच्या ऑफिसमधून मुख्याध्यापकांनी स्वतः मॅडमना फोन लावून दिला. तेवढी प्रांजलची वट आता होती. तिनं मुळांचं, पाण्याचं, राखेचं, हळदीचं, मेथीचं, सगळं एका दमात सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या की तुझे तिन्ही संशय खरे आहेत, आणि काळ्या मातीत ते एकमेकांना जोर देतात. नर्सरीतलं रोप घेताना मुळं गुंडाळलेली असली तर लावायच्या आधी ती सोडवायची, फार घट्ट असली तर चारी बाजूंनी हलकी चीर द्यायची, नाहीतर ती गोल फिरतच राहतात. पिशवीत जेवढ्या खोल होतं तेवढंच ठेवायचं, खोडावर माती चढवायची नाही. पाण्याचं आळं खोडापासून लांब करायचं. पाणी घालायच्या आधी मातीत बोट घालून बघायचं, ओल लागली तर तांब्या घेऊन परत फिरायचं. वेलांवरच्या राखेचं विचारल्यावर त्यांनी तिलाच विचारलं, आज्जी वेलावर पाटीभर टाकते का गं?

घरी येऊन प्रांजलनं सहावा कप केला. चांगल्या मातीत खड्ड्यातल्या राखेची फक्त एक चिमूट, नीट कालवून. पेरणी ह्या वेळी तिनं स्वतः केली. तो उगवला तेव्हा तिनं त्याचा गाजावाजा केला नाही. आज्जी सकाळी तुळशीपाशी उन्हाला बसते, तिथं जाऊन गुपचूप तिच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यात पण आबा आहेत," ती म्हणाली. "चिमूटभरच. बघ कशी आलीये."

आज्जीनं मेथीवरून तळवा फिरवला.

"आबा झाड मारत नाहीत. एका जागी लई झालेत, एवढंच."

तिनं कप मांडीवर घेतला. मग तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "जित्ते व्हते तवाबी तसंच," ती म्हणाली. "एकदा बसले की दुसऱ्याला पाय पसरू द्यायचे न्हाईत. बाजंवर बी आन् पंगतीत बी."

दोघी हसल्या आणि आज्जीनं पदरानं डोळे टिपले. पण राख काढून शेतभर पसरायचं म्हटल्यावर ती पुन्हा घट्ट झाली. वाटून टाकायचं न्हाई म्हंजी न्हाई. प्रांजलनं तिथं वाद घातला नाही. तिनं विचारलं, ते इथंच राहू देत, झाड थोडं पलीकडं लावलं तर? राख हळूहळू मातीत मुरेल, झाडाची मुळं हळूहळू पसरतील, आणि मग आपापल्या वेळेनं भेटतील की. आज्जीनं काठी घेतली, विहिरीकडं गेली आणि खड्ड्यापासून चांगलं लांब, बांधाच्या अंगाला काठी टेकवली. म्हणाली, ते भाकरी खायला हितं बसायचे. हितं लावा.

*

एवढं सगळं झालं, तरी आईचं काय?

आज्जी आईबद्दल काही बोलली नव्हती. तांब्याही तिनं परत दिला नव्हता. कप बघून झाले, माती बघून झाली, पण आज्जीच्या मनात तो विषय कुठं जाऊन बसला होता ते कळायला मार्ग नव्हता. आईनं मागचा वाफा साफ केला नाही. आणि वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं तेव्हा दौंडहून आत्याचा फोन आला. रोप घेतलंय, चांगलं मोठं आहे, श्राद्धादिवशी सकाळच्या डेमू गाडीनं येतो, म्हणाली. मग आवाज खाली करून तिनं पप्पांना सांगितलं, की लावताना वहिनीला जरा लांबच ठेवू, लोकं बघत असतात, कशाला उगं. फोन स्पीकरवर होता. पप्पांना तो बंद करायचं बटण सापडेपर्यंत सगळं बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी पप्पांनी तोडगा काढला. रोप नीलमलाच लावू दे, माहेरची लेक आहे, कुणी काही म्हणणार नाही. पाणी सगळेच घालतील. विषय मिटेल. ते हे प्रांजलकडं न बघता, बशीत चहा ओतता ओतता म्हणाले. आईनं मान हलवली. बरं, म्हणाली. तिनं इतक्या सहज बरं म्हटलं, की प्रांजलला ते गिरणीतल्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

तिनं चहाचा कप खाली ठेवला. आवाज निघाला तो हॉलमधलाच, तिसऱ्या वाक्याचा.

"पप्पा, आई, ऐका. मी ठरवलंय. रोप आई लावणार. खड्डा पप्पा तुम्ही घ्या, पिशवी मी फाडते, मुळं मी सोडवते, पण मातीत ते आईच्या हातानं जाणार. रंगुबाईला मी स्वतः बोलावणं देऊन पुढं उभी करणार आहे."

"प्राजू," आई म्हणाली.

"थांब, झालं नाही माझं. पाणी त्या दिवशी एकदाच, आणि तेही आईच घालणार. पाहुणे तांब्या घेऊन आले तर मी झाडापाशी उभी असेन. चेअरमन असू देत, आत्या असू दे. जेवायला मी सगळ्यांच्या शेवटी बसेन. रोजचं पाणी पण आईकडंच, बोट घालून बघून. आणि एवढं करून हेही मेलं, तर आधी उकरायचं, मुळं बघायची, मग काय ते बोलायचं. आईचं नाव कुणी मध्ये आणायचं नाही."

पप्पांच्या बशीतला चहा गार होत होता. त्यांनी आईकडं बघितलं आणि मग दाराकडं. बाहेर तुळशीपाशी आज्जीची काठी वाजत होती.

"आज्जीला विचारलंस का?" त्यांनी विचारलं.

"नाही विचारलं," प्रांजल उठत म्हणाली. "आता जाऊन सांगणार आहे."